गव्हर्नर नसताना पडलेला दुसरा गिअर

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. मुलींच्या होस्टेलवर दरवर्षी कुणाला तरी काहीतरी दिसतं, आणि त्यांची समजूत घालायला मलाच बोलावतात. या ग्रुपवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते आणि मनातल्या मनात खाली उत्तर लिहून मोकळी होते... वारा, उंदीर, अर्धवट झोप. आज जे लिहितेय त्याखाली लिहायला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर द्या, फक्त आधी पूर्ण वाचा.

माझं माहेर हदगाव, सासर लातूर. माझे मिस्टर बालाजी आणि त्यांचे पार्टनर इरफानभाई यांचं एमआयडीसीत वर्कशॉप आहे. इरफानभाईंचं घराणं पिढ्यान् पिढ्या खरादकामातलं, म्हणजे लेथवर लोखंड तासण्याचं. बालाजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतात. म्हणजे ज्या गाडीला क्लच नसतो, गिअर आपोआप पडतात, तिचं पोट. हे काम इकडे फारसं कुणी करत नाही, त्यामुळे नांदेड, उदगीर, पार बिदरपासून गाड्या येतात.

बालाजी स्वभावाने अबोल. "डबा झाला का", "पाणी आलं का"... घरात एवढंच. मला त्याची सवय झाली होती. माणूसच तसा आहे असं मी धरून चालले होते.

आणि मग ती गाडी आली.

हैदराबादहून ट्रेलरवर आली. साठच्या दशकातली, रेसची. थोडं अंतर जोरात पळायचं तशी रेस नव्हे, दिवस-रात्र चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यती असतात ना, ज्यात ड्रायव्हर पाळीपाळीने बदलतात, त्यातली. उंची जेमतेम माझ्या कमरेएवढी. अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा, दारावर पांढरं वर्तुळ, त्यातला नंबर अर्धा पुसलेला. कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होती. मालकीण माधवी. तिच्या वडिलांनी तरुणपणी ही गाडी परदेशातून आणून दक्षिणेत पळवली होती. ते दोन वर्षांपूर्वी गेले. आता तिला जुन्या गाड्यांच्या सहा तासांच्या शर्यतीत ती स्वतः चालवायची होती.

गंमत म्हणजे या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. जुना, दोनच गिअरचा.

"रेसच्या गाडीला ऑटोमॅटिक," बालाजी पहिल्या दिवशी जेवताना म्हणाले. "कुणाच्या डोक्यात आलं असंल हे? रेसवाल्याला गिअर आपल्या हातात लागतो. हे तर इंजिनाची ताकदच खाऊन टाकतंय."

माझा हात पोळीवरच थांबला. लग्नानंतर जेवताना ते सलग एवढं पहिल्यांदा बोलले होते.

माधवीची आई देगलूरची, त्यामुळे तिला मराठी येत होतं, तेलुगू वळणाचं. बालाजींना ती "बालाजीगारू" म्हणायची, गारू म्हणजे आपल्याकडचं राव. रोज संध्याकाळी फोन. तेल किती गरम होतं, दाब कुठे गळतो, सील कुठून मागवायचं... आणि हे गच्चीवर फेऱ्या मारत बोलायचे. हसायचे. मी खाली स्वयंपाकघरात उभी राहून ते हसणं ऐकायची. ते हसू शकतात हे मला माहीत होतं, पण मोठ्याने हसतात हे माहीत नव्हतं.

माझ्या बाबांचं नांदेडला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तेव्हा हे आले नाहीत. त्या दिवशी हैदराबादहून सील यायचं होतं.

एकदा मी मुद्दाम विषयात शिरले. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला तेलातून कशी जाते, हे मी मुलांना समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांच्या उदाहरणाने शिकवते. एकाच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो. तेच सांगायला लागले. "तसं न्हाई गं ते," हे म्हणाले, आणि तेवढ्यात तिचा फोन आला.

ती महिन्यातून एकदा यायची. कापलेले केस, मळका डांगरी ड्रेस, वर्कशॉपच्या फरशीवर मांडी घालून बशीत चहा प्यायची. दिसायला काही खास नव्हती, हे मी पहिल्याच भेटीत बघून घेतलं होतं. त्याने काही फरक पडला नाही. दोघं गाडीखाली शेजारी-शेजारी आडवे झालेले असायचे आणि त्यांचे फक्त पाय बाहेर दिसायचे. चूक म्हणावं असं काही नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण नवरा दुसऱ्या बाईशी काय बोलतो यापेक्षा आपल्याशी काय बोलत नाही, ते जास्त लागतं. इरफानभाई एकदा हळूच म्हणाले, "भाभी, मनावर नका घेऊ. गाडीचं येड हाय, उतरंल." मी हसले. मनावर घ्यायचं ते घेऊन झालं होतं.

तर तो दिवस. हिवाळ्यातला रविवार, सकाळचं लख्ख ऊन. अहमदपूरजवळ नवीन रस्त्याचा एक तुकडा तयार होता, वाहतुकीला उघडलेला नव्हता. साइटवरचा माणूस इरफानभाईंच्या ओळखीचा, त्याने परवानगी दिली. ट्रेलरवरून गाडी तिथे नेली. मीही गेले. धपाटे बांधून घेतले, जवसाची चटणी घेतली, आणि "रविवार आहे, येते मीपण" असं म्हणाले. खरं कारण ती तिथे असणार होती, हे होतं.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगावी लागेल, कारण सगळं त्याच्यावर आहे. अशा गिअरबॉक्सच्या शेपटाकडे गव्हर्नर नावाचा मुठीएवढा भाग असतो. गाडीचा वेग वाढतो तसा तो तेलाचा दाब सोडतो आणि त्या दाबाने दुसरा गिअर पडतो. गव्हर्नर नसेल तर गिअरबॉक्सला वेग कळतच नाही. कितीही पळवा, गाडी पहिल्यावरच राहणार. आदल्या दिवशी बालाजींच्या लक्षात आलं की गव्हर्नर जाम झालाय. तो काढून त्यांनी इरफानभाईंकडे घासायला दिला आणि त्या भोकावर पत्र्याची चकती बसवून बोल्ट आवळले. त्या रविवारी फक्त ब्रेक बघायचे होते आणि तेल कुठे गळतं का ते. इरफानभाई वर्कशॉपमध्येच थांबले होते. गव्हर्नरही तिथेच होता. हे सगळं मला नंतर कळलं.

पहिल्यांदा माधवी बसली. गाडी पहिल्या गिअरवर ओरडत गेली, ओरडत आली. मग बालाजी बसले आणि ती शेजारच्या सीटवर. ती सीट नावालाच, दोघांचे खांदे एकमेकांना टेकलेले. मी रस्त्याच्या कडेला डबा घेऊन उभी. पलीकडे ज्वारी हुरड्याला आली होती, पाखरं हाकणाऱ्या बायका काम सोडून आमच्याकडेच बघत होत्या. यातली बायको कुठली असं त्या बायकांना वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मला माझाच राग आला.

ते परत आले. बालाजी उतरून म्हणाले, "मला भाईरून बघावं लागंल. मागून काहीतरी आवाज येलालाय. मॅडम, तुम्ही व्हिडिओ घ्या, आवाज नीट आला पाहिजे. चालवायला..." आणि त्यांनी ट्रेलरवाल्याकडे बघितलं.

"मी चालवते," मी म्हणाले.

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी गेली पंधरा वर्षं लातूर-नांदेड स्वतः गाडी चालवत जाते, पण ते त्या क्षणी कुणाला आठवलं नसावं.

"हळू ने," बालाजी म्हणाले. "पहिल्यावरच राहील. इंजिन वरडायला लागलं की ॲक्सिलरेटर सोड."

आत बसले तर जवळजवळ रस्त्यावरच बसल्यासारखं वाटलं. गरम तेलाचा वास. माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, तिथे काहीच नव्हतं. गाडी निघाली. थोडं पुढे गेल्यावर जाणवलं, डावा पाय गुडघ्यापासून खाली थंड पडतोय. मुंग्या नाहीत, दुखणं नाही... नुसता जड. जणू तो माझा नव्हताच, कुणीतरी तिथे आणून ठेवलेला होता. मी बोटं हलवायचा प्रयत्न केला. हलली नाहीत.

घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही. ते का, हेही मला सांगता येत नाही. उलट उजव्या पायाला ॲक्सिलरेटर किती दाबायचा हे एकदम बरोबर कळायला लागलं. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, आता सोडावा असं मनात आलं... आणि पाठीला कुणी हात लावावा तसा हलका धक्का बसला. इंजिनाचा आवाज खाली आला. गाडी मात्र वेग धरून गेली — शांत, लांब ढांगा टाकत. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली उतरलेला मी डोळ्यांनी पाहिला. मला वाटलं, अशीच चालत असेल ही.

शेवटी बॅरिकेडपाशी वळले, परत आले. येतानाही तसंच झालं.

थांबले तर बालाजी धावत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय केलंस?"

"काय केलं?"

"दुसरा पडला. दुसरा गिअर पडला तुझ्या हातून."

"पडायला नको होता का?"

बालाजी तिथेच जमिनीवर आडवे होऊन गाडीखाली गेले. चकती जागच्या जागी होती, बोल्ट आवळलेले. उठून त्यांनी इरफानभाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"भाई, गव्हर्नर कुठंय?"

"हितंच हाय ना. घासलंय, घासलेटात ठिवलंय. काहून?"

"फोटो पाठवा."

फोटो आला. ट्रेमध्ये गव्हर्नर पडलेला दिसत होता.

एवढ्यात मी उतरायला गेले आणि पडले. डावा पाय खाली टेकवला तर त्यात जीवच नव्हता. माधवीने मला धरलं. "काय झालं?"

"पाय... डावा. गाडीत बसल्यापासून असा झालाय."

तिने माझा दंड आणखी घट्ट धरला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली.

"काय सांगितलं?"

ती खाली बसली, तिथे डांबरावर. माझा पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. बोलत होती ती खाली बघूनच. "नान्नांचा, माझ्या बाबांचा, डावा पाय लहानपणी पोलिओत गेला होता. गुडघ्याच्या खाली काहीच ताकद नाही. क्लच दाबता यायचा नाही म्हणून हा गिअरबॉक्स बसवून घेतला. रेसमध्ये कुणाला कळू दिलं नाही. बूट जड घालायचे, आणि गाडीपर्यंत कुणी चालताना बघू नये म्हणून सगळ्यात आधी जाऊन बसायचे. घरातसुद्धा बोलायची बंदी होती. मी बालाजीगारूंनाही सांगितलं नाही."

बालाजींनी मान हलवली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. रेसच्या गाडीत ऑटोमॅटिक का, हे महिनोन् महिने तेच तिला विचारत होते.

हळूहळू पायात जीव आला. तोवर माधवी उठून गाडीत जाऊन बसली होती. एकटी. गेली, आली. पहिला गिअर. पुन्हा गेली. पहिलाच. इंजिन असं किंचाळत होतं की ज्वारीतल्या बायका कानावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग बालाजी बसले. मी त्यांना ओळखते, ते मनातल्या मनात गाडीला विनवत होते. पहिलाच.

माधवी माझ्यापाशी आली. "ताई, एकदा. माझ्यासोबत."

मी बसले. ती शेजारी. तिचा खांदा आता माझ्या खांद्याला टेकला होता. निघालो. पाय ठणठणीत, माझा स्वतःचा. इंजिन चढत गेलं, ओरडायला लागलं, मी वाट बघितली... काही नाही. बॅरिकेडपाशी थांबले.

"नान्नांनी मला या गाडीत कधी बसू दिलं नाही," ती समोर बघत म्हणाली. "रडले, भांडले, तरी नाही. म्हणायचे, तुला दोन पाय आहेत, दुसरी गाडी घे."

ती मग उतरली. "तुम्ही जा," म्हणाली.

"अगं, चल ना. उगाच काय..."

"जा तुम्ही. मला बघायचंय."

मी एकटी निघाले. पाय थंड पडायला लागला, तेव्हाच मला कळलं. तो धक्का बसू नये असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं. आठ महिने जिचा मी दुस्वास केला, ती आरशात लहान लहान होत चालली होती, रस्त्याच्या मधोमध, हात दोन्ही बाजूंना सोडून उभी. आणि गाडीने गिअर बदलला. अगदी अलगद. तिला तिथून तो आवाज ऐकू आला नसता तर बरं झालं असतं. पण आला. ती मटकन खाली बसली.

जेवण असं झालंच नाही. धपाटे त्या राखणीच्या बायकांना दिले.

परतताना आमच्या गाडीत बालाजी शेजारी बसले होते. चाकूर गेल्यावर म्हणाले, "आठ महिने मी तिच्या पोटात हात घालून बसलोय."

"माहीत आहे मला."

"एकेक स्प्रिंग माझ्या हातची हाय."

"माहीत आहे हो."

"मग तुलाच कामून?"

जो प्रश्न मी आठ महिने गच्चीकडे बघत विचारत होते — तिलाच का — तोच ते मला विचारत होते. आणि तो प्रश्न आतून कसा जाळतो ते मला ठाऊक होतं. वाटलं होतं तसा आनंद मात्र झाला नाही.

गव्हर्नर दोन दिवसांनी बसला. त्यानंतर गाडी सगळ्यांच्या हातून व्यवस्थित चालली. बालाजींच्या, माधवीच्या, ट्रेलरवाल्याच्यासुद्धा. मी पुन्हा एकदा बसून बघितलं, काही झालं नाही. गाडी हैदराबादला गेली. माधवीने ती शर्यतीत उतरवली आणि शेवटपर्यंत नेली, असं इरफानभाईंकडून कळलं.

मी उत्तरं शोधली नाहीत असं समजू नका. पुण्यात गिअरबॉक्सच्या कंपनीत असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला विचारलं. तो म्हणाला, जुन्या गिअरबॉक्समध्ये तेल गरम झालं की आतल्या आत दाब गळतो, त्या दाबाने गिअर पडू शकतो. ठीक. मग तोच दाब बाकीच्यांच्या वेळी का गळला नाही, यावर तो म्हणाला, योगायोग. पायाचं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सीट खाली, नस दबली असेल. तेही ठीक. मग माधवी शेजारी असताना का नाही दबली, हे मी त्यांना विचारलंच नाही. एकेक उत्तर मला पटतं. मुलांनाही मी तशीच उत्तरं दिली असती. सगळी एकत्र ठेवली की मात्र पटत नाहीत. त्या दिवशीचा व्हिडिओ आहे, त्यात आवाज स्वच्छ आहे, पण तो माधवीचा आहे, मी इथे टाकणार नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. बालाजींच्या फोनवर नाही, माझ्या. आम्ही जेवायला बसलो होतो.

"ताई, एक विचारू? नान्ना तुमच्याशी काही बोलले का त्या दिवशी?"

"नाही गं," मी म्हणाले. "कुणी काही बोललं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ती मग म्हणाली, "तुम्ही सांगत नाही आहात," आणि फोन ठेवला. रागावलेली नव्हती. माझ्याजवळ तिचं काहीतरी आहे आणि मी ते देत नाही, अशा आवाजात बोलली.

मी फोन खाली ठेवला. बालाजींचा घास हातातच राहिला होता. ते ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघत होते, आणि मी माधवीला दिलेलं उत्तर त्यांनाही खरं वाटलेलं नव्हतं.